बुमी सेर्पोंग दामाई (बीएसडी सिटी)

इंडोनेशियाच्या बांतेन प्रांतातील नियोजित निवासी उपनगर. मध्य जकार्ताच्या नैर्ऋत्येस सुमारे २५ ते ३० किमी. आराखड्यातील क्षेत्र सुमारे ६,००० हेक्टर. सालाक आणि पांग्रांगो पर्वतांच्या उतारांवर उगम पावून उत्तरेस जावा समुद्राला मिळणारी चिसादाने नदी या उपनगराचे दोन भाग करते. नदीच्या पूर्वेकडील जुना भाग दक्षिण तांगेरांग शहरात मोडतो, तर पश्चिमेकडील नवा भाग तांगेरांग जिल्ह्यातील चिसाउक, पागदांगान व लेगोक या तालुक्यांत येतो. दक्षिण तांगेरांग हे शहर २००८ साली जिल्ह्यापासून वेगळे झाले. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १३ लाख ५० हजारांवर होती. हवामान विषुववृत्तीय, वर्षभर उष्ण व दमट. नोव्हेंबर ते मार्च पावसाचा जोर. जकार्ताच्या उत्तर किनाऱ्यावरील जमीन भूजलाच्या उपशामुळे खचत आहे. सेर्पोंगची जमीन समुद्रसपाटीपासून बरीच उंच असल्याने ते संकट येथे नाही, आणि राहण्यासाठी महानगराच्या दक्षिणेकडे सरकणाऱ्या कुटुंबांच्या लेखी हे एक मोठे कारण ठरले आहे. इंडोनेशियातील खासगी नगरनिर्मितीच्या सर्वांत मोठ्या व दीर्घकाळ चाललेल्या उदाहरणांपैकी एक म्हणून या स्थळाकडे पाहिले जाते. येथे घर घेणे ‘राहण्यासाठीही उत्तम आणि गुंतवणूक म्हणूनही उत्तम’ असे सरसकट सांगितले जाते. या विधानाचा पहिला भाग पुराव्यांवर बऱ्याच अंशी टिकतो. दुसरा भाग टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे या उपनगराच्या घडणीतच लिहिलेले आहे.

सेर्पोंग हे नाव नव्या नगरापेक्षा कितीतरी जुने. बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, रांकासबितुंगकडे जाणारा लोहमार्ग डच राजवटीत १८९९ साली येथून गेला. भोवताली रबराचे मळे आणि त्यांच्या कडेने बेतावी व सुंदानी शेतकऱ्यांची वस्ती होती. जपानी सैन्याच्या शरणागतीनंतरच्या धामधुमीत, २५ जानेवारी १९४६ रोजी, लेंकोंग येथील जपानी छावणी निःशस्त्र करण्यासाठी मेजर दान मोगोत हा तरुण अधिकारी तांगेरांगच्या लष्करी अकादमीतील विद्यार्थ्यांना घेऊन आला. चकमक उडाली आणि त्यात तो व त्याचे अनेक विद्यार्थी मारले गेले. त्यांचे स्मारक आज नव्या वसाहतींच्या गराड्यात उभे आहे. १९७६ मध्ये शासनाने येथे पुस्पिप्तेक हे विज्ञान-संशोधन संकुल उभारण्यास सुरुवात केली. अभियंता व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बी. जे. हबिबी यांचे नाव या संकुलाशी जोडलेले आहे. १९८७ मध्ये तेथे ३० मेगावॅट क्षमतेची संशोधन-अणुभट्टी कार्यान्वित झाली. संकुलाची सुरुवात झाली त्याच १९७६ साली जकार्ता व भोवतालचे जिल्हे यांचा ‘जाबोताबेक’ या नावाने एकत्र विचार करण्याचे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरले होते, आणि वाढती लोकसंख्या पूर्व-पश्चिमेकडे वळवण्याची कल्पना तेव्हापासून अधिकृत झाली.

ती कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे काम मात्र शासनाने स्वतः केले नाही, ते खासगी कंपन्यांकडे गेले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या बुमी सेर्पोंग दामाई या कंपनीत सलीम, सिनार मास, जाया आदी मोठ्या उद्योगसमूहांची भागीदारी होती. पोंदोक इंदाह आणि बिंतारो जाया ही जकार्ताची आधीची उपनगरे घडवणारे वास्तुविशारद-उद्योजक चिपुत्रा (१९३१–२०१९) हे यामागचे प्रमुख कल्पक होते. नगराचे उद्घाटन १६ जानेवारी १९८९ रोजी झाले. जमीन मिळवण्याचे साधन होते ‘स्थान-परवाना’. एखाद्या टापूचा परवाना कंपनीला मिळाला की तेथील मूळ धारकांना व्यवहारात तिच्याखेरीज दुसरे गिऱ्हाईक उरत नसे. शेतजमिनीच्या किमतीत घेतलेली जमीन रस्ते, गटारे व वीज आणून नागरी किमतीत विकायची, आणि तेही एकदम न विकता दशकानुदशके टप्प्याटप्प्याने, ही या उद्योगाची मूळ रीत. नगराचे तीन टप्पे आखले गेले. पहिला नदीच्या पूर्वेस, पुढचे पश्चिमेस. नफ्याचा खरा उगम विटा-सिमेंटात नव्हे, शेतजमीन आणि नागरी जमीन यांच्या किमतींतल्या फरकात आहे, आणि तो फरक पहिल्या दिवसापासून जमीन धरून बसलेल्याच्या पदरात पडतो, ही गोष्ट पुढच्या सर्व हिशेबाचा पाया आहे.

१९९७–९८ च्या आशियाई आर्थिक संकटात ही रीत जवळजवळ मोडून पडली. १९९७ च्या पूर्वार्धात डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मिळत. १९९८ मध्ये हा दर काही काळ १५,००० च्या पुढे गेला. मध्यवर्ती बँकेच्या रोख्यांवरील व्याज ७० टक्क्यांच्या घरात पोहोचले, गृहकर्जाचे हप्ते पेलेनासे झाले, विदेशी चलनात कर्जे काढलेले विकासक बुडाले. मे १९९८ च्या दंगलींत शेजारच्या लिप्पो कारावाची या नव्या उपनगरातील मोठा मॉल जळाला. सेर्पोंगची बांधकामे थंडावली. पुढे कंपनीवरील वर्चस्व सिनार मास समूहाकडे आले आणि २००८ मध्ये तिचे समभाग इंडोनेशियाच्या शेअर बाजारात नोंदले गेले. नदीपलीकडचा विस्तार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो यानंतर. २०१५ मध्ये तेथे ‘आयसीई’ हे प्रचंड प्रदर्शन व संमेलन केंद्र आणि इऑन या जपानी कंपनीचा इंडोनेशियातील पहिला मॉल सुरू झाला. २०१७ मध्ये युनिलिव्हर इंडोनेशियाने आपले मुख्य कार्यालय जकार्तातून येथे हलवले. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने इंडोनेशियातील पहिले पूर्ण परकीय मालकीचे विद्यापीठ म्हणून आपली शाखा येथेच थाटली. म्हणजे नुसते ‘झोपायला परत येण्याचे गाव’ ही अवस्था या उपनगराने ओलांडली आहे. नोकरी, शिक्षण, दवाखाना आणि बाजार या चारही गोष्टींसाठी जकार्ता गाठण्याची गरज बऱ्याच कुटुंबांना उरलेली नाही.

राहण्याच्या दृष्टीने बीएसडीचा सर्वांत समाधानकारक भाग नदीच्या पूर्वेचा आहे, जरी जाहिरातींत तो क्वचितच दिसतो. ग्रिया लोका, आंग्रेक लोका, नुसा लोका, गिरी लोका अशा नावांचे हे जुने सेक्टर. १९९२ च्या शासकीय नियमानुसार विकासकाला प्रत्येक आलिशान घरामागे तीन मध्यम आणि सहा साधी घरे बांधणे बंधनकारक होते. नियमाचे पालन सगळीकडे प्रामाणिकपणे झाले असे नाही, पण त्या काळातल्या सेक्टरांत लहान भूखंडांवरची बैठी घरे आजही दिसतात. बहुतेकांवर पुढे मजले चढले, ओट्यावर किराणा दुकाने निघाली, रस्त्याकडेची झाडे पुरती वाढली. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सांता उर्सुला ही कॅथलिक आणि अल-अझहर ही इस्लामी अशा दोन्ही परंपरांतील नावाजलेल्या शाळा येथे आहेत. २००४ मध्ये सुरू झालेला ‘पासार मॉडर्न’ हा बाजार विशेष उल्लेखनीय. पारंपरिक मंडईतले मासळी, भाजी, मसाल्यांचे विक्रेते कोरड्या फरशीच्या, झाकलेल्या गटारांच्या, हवेशीर छपराखाली आणले गेले आणि संध्याकाळी त्याच बाजाराच्या भोवती खाद्यपदार्थांच्या गाड्या लागू लागल्या. मंडई पाडून मॉल बांधणे हा विकासकांचा नेहमीचा मार्ग असताना येथे मंडईच सुधारली गेली. या उपनगरात जे काही अनुकरणीय आहे त्यात या बाजाराचा क्रम फार वर लागतो.

दळणवळणाचा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवला गेला आणि दोहोंचे परिणाम भिन्न झाले. विकासकांचा भर टोल-रस्त्यावर होता. जकार्ता–सेर्पोंग द्रुतगती मार्गामुळे नगराला बाजारपेठ मिळाली, पण सकाळी तोच मार्ग गाड्यांनी तुंबतो. दुसरी तऱ्हा सव्वाशे वर्षे जुन्या लोहमार्गाची. एकेरी रुळावर चालणारा हा मार्ग प्रदीर्घ काळ दुर्लक्षित राहिला. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी बिंतारोजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकून शंभराहून अधिक प्रवासी मरण पावले. देशाच्या रेल्वे इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटनांपैकी एक. २००७ च्या सुमारास सेर्पोंगपर्यंत दुहेरी रूळ पुरे झाले, २०१७ पासून उपनगरी विद्युत गाड्या थेट रांकासबितुंगपर्यंत धावू लागल्या, आणि २०१९ मध्ये चिसाउकचे नवे स्थानक पादचारी पुलाने बस-स्थानक व बाजाराशी जोडले गेले. पहिल्या २५ किमी. साठी ३,००० रुपिया हे शासन-अनुदानित भाडे असल्याने येथील रावा बुंतू स्थानकावरून मध्य जकार्तातील तानाह आबांगला जाण्याचा खर्च एका कप कॉफीपेक्षाही कमी पडतो. गर्दी अर्थात भयंकर असते, आणि तानाह आबांगला गाडी बदलणे हा रोजचा शारीरिक त्रास आहे. तरीही येथील राहणीला जे स्थैर्य आहे ते मुख्यतः या सार्वजनिक लोहमार्गामुळे. स्थानकापासून चालत किंवा ओजेकवर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, दहा मिनिटांत पोहोचता येणारे घर आणि केवळ टोल-रस्त्यावर अवलंबून असलेले घर यांत राहण्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. विक्रीपत्रकात दोन्ही घरे ‘जकार्तापासून तीस मिनिटांवर’ असतात. ही तीस मिनिटे पहाटे चारची आहेत.

उपनगराच्या कुंपणाबाहेरच्या गोष्टी कुंपणाने अडत नाहीत, याचे दाखले अलीकडे वारंवार मिळाले आहेत. स्वित्झर्लंडमधील आयक्यूएअर या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात इंडोनेशियातील सर्वाधिक प्रदूषित हवेचे शहर म्हणून दक्षिण तांगेरांगची नोंद झाली. वाहने, उद्योग, उघड्यावर जाळला जाणारा कचरा आणि महानगराभोवतीची कोळशावरील वीजकेंद्रे यांचा तो एकत्रित परिणाम. मे २०२० मध्ये सेर्पोंगमधील चिपचांग कचरा-क्षेपणभूमीची भिंत कोसळून कचऱ्याचा डोंगर थेट चिसादाने नदीत घसरला. त्याच वर्षाच्या आरंभी संशोधन संकुलाशी संबंधित बातान इंदाह या वसाहतीतल्या एका मोकळ्या जागेत सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचे अंश सापडले आणि माती उचलून जागा स्वच्छ करावी लागली. या घटनांमुळे सेर्पोंग राहण्यास अयोग्य ठरते असे नाही. जकार्ता महानगरातील दुसऱ्या कोणत्याही भागाची यादी याहून लहान नसेल. पण नीटनेटके रस्ते, पहारेकरी आणि हिरवळ यांचे व्यवस्थापन विकासकाकडे असते, तर हवा, नदी आणि कचरा यांची जबाबदारी शहर व जिल्हा या दोन वेगवेगळ्या शासनांकडे. एका नगरावर दोन स्थानिक सत्ता आणि तिसरी खासगी व्यवस्था अशी विभागणी झाल्यामुळे, जे प्रश्न नदीसारखे सर्वांमधून वाहतात ते कोणाच्याच दारात थांबत नाहीत. रहिवासी दरमहा देखभाल-शुल्क विकासकाच्या कंपनीला देतो, वार्षिक जमीन-इमारत कर शासनाला देतो, आणि तक्रार नेमकी कोणाकडे करायची हे त्याला प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते.

येथील नव्या वसाहतींना ‘क्लस्टर’ म्हणतात: उंच भिंत, एकच प्रवेशद्वार, चोवीस तास पहारा. भिंतीपलीकडे अनेक ठिकाणी जुने कांपुंग, म्हणजे मूळ ग्रामवस्त्या, शिल्लक आहेत. पागदांगानमधील लेंकोंग हे त्यांतले जुन्या इस्लामी विद्वानांच्या परंपरेचे गाव. २०२१ मध्ये राष्ट्रीय वीर म्हणून घोषित झालेले रादेन आर्या वांसाकारा यांची समाधी तेथे आहे. क्लस्टरमधील घरकाम, बागकाम, पहारा, बांधकाम आणि ओजेक ही सर्व कामे मुख्यतः अशा कांपुंगांतून येणाऱ्या माणसांच्या हातून होतात. काही अभ्यासक या रचनेवर टीका करतात ती रास्त आहे: शेजार तुटतो, रस्ता खासगी होतो, आणि ज्यांच्या जमिनीवर नगर उभे राहिले त्यांनाच त्यातून वळसा घालून जावे लागते. याच्या उत्तरादाखल सांगितले जाते की १९९८ च्या दंगलींची, विशेषतः चिनी वंशाच्या कुटुंबांवर ओढवलेल्या अत्याचारांची, स्मृती अजून ताजी आहे आणि त्या भिंतींना भीतीचे खरे कारण होते. हे कारण नाकारता येत नाही. परंतु जुन्या सेक्टरांत, जेथे रस्ते खुले आहेत आणि शेजारसंघटना शाबूत आहेत, तेथील जीवन असुरक्षित ठरलेले नाही, हाही पुरावा तितकाच वजनदार मानायला हवा.

आता गुंतवणुकीचा भाग. बँक इंडोनेशिया या मध्यवर्ती बँकेचा निवासी किमतींचा निर्देशांक २०२० ते २०२४ या काळात वर्षाला साधारण दीड ते दोन टक्क्यांच्या आसपासच वाढत राहिला. एकट्या २०२२ साली महागाई ५.५ टक्के होती. म्हणजे नव्या घराची किंमत आकड्यांत वाढली तरी खऱ्या मूल्यात ती जागच्या जागी राहिली किंवा घसरली. त्यात व्यवहाराचा खर्च मिळवला पाहिजे. विकासकाकडून नवे घर घेताना एप्रिल २०२२ पासून ११ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. ठरावीक किमतीपर्यंतच्या घरांवर शासन अधूनमधून तो स्वतः सोसते, पण ती सवलत कायमची नाही. खरेदीदाराला करमुक्त मर्यादेवरील रकमेवर ५ टक्के हस्तांतर-शुल्क भरावे लागते, शिवाय खरेदीखत करून देणाऱ्या अधिकृत भूमी-नोंदणी अधिकाऱ्याची फी. विकताना विक्रेत्यावर २.५ टक्के आयकर आणि दलाली. सवलत नसेल तर घेताना सुमारे १७ आणि विकताना सुमारे ५ टक्के हातचे जातात. वर्षाला दोन टक्के वाढ धरली तर केवळ हा खर्च भरून निघायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. पाच टक्के धरली तरी चार वर्षे. यात कर्जाचे व्याज, देखभाल-शुल्क, रंगरंगोटी, पावसाळ्यातली गळती काहीच मोजलेले नाही. इंडोनेशियातील गृहकर्जांचे व्याज पहिली एक ते तीन वर्षे आकर्षक व स्थिर असते आणि नंतर बदलत्या दराने बहुधा दोन आकडी होते, हे लक्षात घेता कर्ज काढून केलेल्या गुंतवणुकीचे गणित आणखी बिघडते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की निर्देशांक हा देशातील अनेक शहरांचा सरासरी आकडा आहे. सेर्पोंग म्हणजे सरासरी नव्हे. १९९० च्या दशकात ज्यांनी येथे घरे घेतली त्यांच्या घरांची किंमत दसपट झाली, असे सांगितले जाते. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. मॉल, विद्यापीठ किंवा टोल-रस्त्याचा फाटा जवळ आल्यावर विशिष्ट रस्त्यांवरच्या जमिनी झपाट्याने चढल्या. मात्र दसपटीचा हिशेब चलनाचा विचार केल्याखेरीज पुरा होत नाही. समजा, १९९६ मध्ये १० कोटी रुपियांना घेतलेले घर २०२४ मध्ये १ अब्जाला विकले गेले. तेव्हाच्या दराने ते सुमारे ४२,००० डॉलरचे होते, नंतरच्या दराने सुमारे ६३,००० डॉलरचे. अठ्ठावीस वर्षांत ही वाढ दीडपट, म्हणजे वर्षाला दीड टक्का. १९९८ या एकाच वर्षात देशात महागाई ७७ टक्के झाली होती, याचाही त्या दसपटीत मोठा वाटा आहे. शिवाय ही उदाहरणे तग धरून राहिलेल्यांची आहेत. संकटाच्या वर्षांत ज्यांचे हप्ते थकले आणि घरे बँकांनी ताब्यात घेतली, ते कुणाच्या यशोगाथेत येत नाहीत. येथील घराने अनेक कुटुंबांची बचत रुपियाच्या घसरणीपासून काही अंशी वाचवली, हे मान्य केले पाहिजे, आणि ते लहान काम नव्हे. पण बचत सांभाळणे आणि संपत्ती वाढवणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप भविष्याचा. २०२४ मध्ये बीएसडीच्या सुमारे ६० हेक्टर भागाला शिक्षण, तंत्रज्ञान व आरोग्य यांसाठीचे विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून मंजुरी मिळाली. सेर्पोंग–बालाराजा टोल-रस्त्याचा पहिला भाग २०२२ मध्ये खुला झाला. जकार्ताची मेट्रो, जी २०१९ पासून लेबाक बुलुसपर्यंत धावते, ती पुढे इकडे आणण्याचा विचार मांडला जातो. अशा सुविधा आल्या की किमती वाढणारच, असा युक्तिवाद. किमती वाढतील, पण ती वाढ कोणाला मिळेल हा प्रश्न उरतोच. विकासकाच्या हाती अजून मोठा भूभाग आहे. नवी सुविधा जाहीर होताच तो पुढच्या टप्प्याची किंमत वाढवतो, म्हणजे येऊ घातलेला लाभ खरेदीदाराने आधीच मोजलेला असतो. त्याच वेळी नव्या, चकचकीत क्लस्टरांचा पुरवठा अखंड चालू राहतो आणि पाच-सात वर्षे जुन्या घराला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते. विकासक सुलभ हप्ते देतो, फर्निचर देतो, कर स्वतः भरतो. जुने घर विकणाऱ्या एकट्या मालकाला यातले काहीच जमत नाही. एकाच धान्याच्या पेठेत कोठाराचा मालक आणि दोन पोती घेऊन बसलेला शेतकरी यांच्यातल्यासारखी ही स्पर्धा आहे. भाड्यातही तेच दिसते. पुरवठा मोठा असल्याने घराच्या किमतीच्या मानाने भाडे कमी मिळते. रस्त्याकडेला ओळीने बांधलेले रुको, म्हणजे खाली दुकान व वर घर असे गाळे, गुंतवणूक म्हणून उत्साहाने विकत घेतले गेले. त्यांतले कित्येक दीर्घकाळ कुलूपबंद राहिलेले जाता-येता दिसतात. राजधानी कालिमांतानमधील नुसांतारा येथे हलवण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला, त्यामुळे सेर्पोंग ओस पडेल अशी उलट भीतीही व्यक्त होते. तिला फारसा आधार नाही. येथील रोजगार शासनावर नव्हे, तर खासगी कंपन्या, व्यापार व शिक्षणावर उभा आहे आणि तो जकार्ताच्या परिसरातच राहणार.

जमिनीच्या हक्कांची रचना १९६० च्या मूलभूत भूमी कायद्यावर आधारलेली आहे. ‘हाक मिलिक’ ही पूर्ण व कायम मालकी केवळ इंडोनेशियन नागरिकांना मिळते. कंपनीकडे जमीन असते ती ‘हाक गुना बांगुनान’ या मुदतीच्या बांधकाम-हक्काने: ३० वर्षे, २० वर्षांची वाढ आणि पुन्हा ३० वर्षांचे नूतनीकरण. घरे याच हक्काने विकली जातात. नागरिक खरेदीदार ६०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडाचे रूपांतर पूर्ण मालकीत करून घेऊ शकतो आणि त्याने ते करून घ्यावेच, कारण जुन्या सेक्टरांतील पहिल्या मुदती संपण्याचा काळ आला आहे. सदनिकेचे तसे होत नाही. तिच्याखालची सामाईक जमीन मुदतीच्याच हक्कात राहते, नूतनीकरण सर्व मालकांना मिळून करावे लागते, आणि म्हणूनच अलीकडे उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतील सदनिका बैठ्या घरांच्या तुलनेत गुंतवणूक म्हणून दुबळ्या ठरतात. घर तयार होण्याआधी केला जाणारा प्राथमिक करारही जपून वाचण्याजोगा. तो खरेदीखत नव्हे, आणि विकासक बुडाल्यास त्याच्या आधारावर हाती काय राहील हे खात्रीने सांगता येत नाही.

परकीय नागरिकाला, आणि त्यात येथील कंपन्यांत नोकरीस असलेले भारतीयही आले, बैठ्या घरासाठी ‘हाक पाकाई’ हा वापराचा हक्क मिळू शकतो. त्याची मुदतही ३०, २० आणि ३० वर्षे अशीच. २०२० च्या रोजगारनिर्मिती कायद्याने परकीयांना सदनिकेची मालकी अधिक खुली केली. मात्र प्रत्येक प्रांतासाठी किमान किंमत ठरवून दिलेली असल्याने परकीयाला मिळू शकते ते फक्त महाग घर, म्हणजे नेमके तेच, जे पुन्हा विकायला सर्वांत कमी गिऱ्हाइके असतात. यावर उपाय म्हणून स्थानिक माणसाच्या नावावर पूर्ण मालकीचे घर घेऊन त्याच्याशी खासगी करार करण्याचा मार्ग दलाल सर्रास सुचवतात. भूमी कायद्याचे २६ वे कलम असे हस्तांतर शून्यवत ठरवते, जमीन राज्याच्या मालकीची होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. इंडोनेशियन व्यक्तीशी विवाह झालेल्यांना संपत्ती विभक्त ठेवण्याचा करार पूर्वी विवाहाआधीच करावा लागे, नाहीतर इंडोनेशियन जोडीदाराचाही मालकी-हक्क धोक्यात येई. घटना न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निकालामुळे असा करार आता विवाहानंतरही करता येतो. दोन-चार वर्षांच्या नेमणुकीवर आलेल्या कुटुंबाला भाड्याचे घर घेणे सर्व बाजूंनी फायद्याचे पडते, आणि तेही रावा बुंतू किंवा चिसाउक स्थानकाच्या जवळचे. येथे भाडे बहुधा पूर्ण वर्षाचे आगाऊ मागतात, त्यामुळे करारापूर्वी पावसाळ्यात रस्त्यावर पाणी कुठवर चढते याची चौकशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे आणि शेजारसंघटनेच्या प्रमुखाकडे करण्याची रूढी आहे.